जखम खाऱ्या पाण्यातली आहे, हे आधी सांगा

माझ्या मामांच्या नडगीवर कालवाच्या शिंपल्याची धार लागली, ती बोटाच्या दोन पेरांएवढीसुद्धा नव्हती. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत चुन्यासारखे दोन कण अडकलेले आणि रक्त जवळजवळ थांबलेलं. मी फार्मासिस्ट आहे, गोव्यात रायबंदरला माझी छोटी फार्मसी आहे, अशा जखमा रोज बघते. म्हणूनच मला ती काहीच वाटली नाही. ती पट्टी मी बांधली, माझ्या हाताने, आणि चुकीची बांधली. दोन वर्षं हे लिहायचं टाळत होते.

मे महिन्यातला रविवार होता. मी चोडण बेटावर मामांकडे गेले होते. तिथल्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीच्या, बांधावर मानस आहे. मानस म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी आत-बाहेर सोडणारं लाकडी दार. ओहोटी लागली की तिच्या तोंडाला जाळं लावतात आणि सुंगटं, कुर्ल्या मिळतात. तिथल्या चिऱ्यांवर कालवं घट्ट बसलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. जाळं सोडवताना मामांचा पाय घसरला. घरी आले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते.

"कांय जावंक ना गो बाय," म्हणून मामा हसले.

मी वरवर धुतलं, डेटॉल लावलं, पट्टी घट्ट आवळली आणि पर्समध्ये होत्या त्या अमॉक्सिसिलिनच्या दोन गोळ्या दिल्या. मामांना बारा वर्षं मधुमेह आहे. आदल्याच वर्षी डॉक्टरांनी यकृत बिघडल्याचं सांगून हुर्राक, म्हणजे काजूची दारू, बंद करायला लावली होती. हे सगळं मला माहीत होतं, पण एवढ्याशा कापाशी त्याचा संबंध जोडायला मला सुचलं नाही.

रात्री दोनला मामांना हुडहुडी भरली. पाय एवढा दुखत होता की चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता. पट्टी सोडली तर लाली गुडघ्यापर्यंत चढलेली. जखमेच्या खाली, घोट्याकडे, एक फोड आला होता. पिकल्या जांभळाचा रंग, आणि आतलं पाणी लालसर. मी आजवर पू बघितला होता, गँगरीन झालेले पाय बघितले होते, पण नऊ तासांत असं काही होताना पाहिलं नव्हतं. पहाटेच्या फेरीबोटीतून आम्ही नदी ओलांडली आणि बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठलं.

कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "लागलं कुठे?" मी म्हटलं, मानशीवर, खाऱ्या पाण्यात. त्यांचा चेहरा बदलला. सिस्टरनी निळ्या बॉलपेनने लालीच्या कडेने रेघ ओढली आणि तिच्याशेजारी कातडीवरच वेळ लिहिली. अर्ध्या तासात लाली रेघेच्या दोन बोटं पुढे गेली होती. सर्जनना बोलावलं, सेफ्टाझिडीम आणि डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक्स सुरू झाली आणि मामांना ऑपरेशनला नेलं. मेलेली कातडी आणि तिच्याखालचं मेलेलं आवरण कापून काढावं लागलं. ते काम नुसत्या औषधाने होत नाही, कारण तिथला रक्तपुरवठाच बंद पडलेला असतो. मग औषध पोहोचणार कसं? तीन दिवसांत तीनदा ऑपरेशन झालं. पाय वाचला. मांडीची कातडी काढून नडगीवर लावली.

कल्चरच्या रिपोर्टमध्ये नाव होतं विब्रिओ वल्निफिकस. पटकीच्या जंतूचा हा भाऊबंद. वल्निफिकस या लॅटिन नावाचा अर्थच जखम करणारा असा आहे.

आमच्याकडे लगेच चर्चा सुरू झाली की पाणी घाण झालंय, गटारं सोडतात. गटारं सोडतात हे खरंच आहे, आणि त्याचा मला राग आहे. पण हा जंतू गटारातला नाही. कोमट, कमी खारट पाण्यात तो मुळातच राहतो, म्हणजे नदी समुद्राला मिळते तिथे, खाजनात, कांदळवनात. कालवांत तर तो हमखास सापडतो. थंड पाण्यात तो दबून असतो, वीस अंशांच्या वर गेलं की वाढतो. आपल्याकडे पाणी बाराही महिने त्याच्या वरच असतं. पाणी काचेसारखं नितळ दिसलं म्हणून तो तिथे नाही असं समजू नका.

मात्र धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. आपण सगळे लहानपणापासून तिसऱ्या काढत, पाय कापून घेत मोठे झालो. धोका ज्यांना आहे त्यांना तो भयंकर आहे. यकृताचे रुग्ण सगळ्यात पुढे, मग मधुमेहाचे, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खाली आली आहे ते. रक्तात लोह जास्त असलं की हा जंतू झपाट्याने फोफावतो, आणि यकृत बिघडलं की लोहाचा हिशेब बिघडतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेच्या माहितीनुसार हा संसर्ग झालेल्या पाचांतला एक दगावतो, काही तर एक-दोन दिवसांत.

सगळंच एवढ्या वेगाने होत नाही. मासळी साफ करणाऱ्या एक ताई माझ्याकडे जांभळट सुजलेलं बोट घेऊन आल्या होत्या, ठणकणारं पण पू नसलेलं. तो वेगळा जंतू, पेनिसिलिनने बरा होतो. आणि घरात माशांची काचपेटी असणाऱ्यांनो, हातावर आठवडे न भरणारी गाठ आली तर काचपेटीचा उल्लेख डॉक्टरांकडे जरूर करा. त्यामागचा जंतू क्षयाच्या जंतूच्या कुळातला असू शकतो आणि त्याला काही महिने औषध लागतं.

आता माझ्या काउंटरवरचं. लोक जखमेत हळद भरतात, कॉफी पावडर भरतात, तंबाखू दाबतात. कृपा करून भरू नका. नळाचं वाहतं पाणी आणि साबण, पाच-दहा मिनिटं, कंटाळा येईपर्यंत. शिंपल्याचा कण दिसला आणि सहज निघत असला तर काढा, खोल असेल तर डॉक्टरांना काढू द्या. घट्ट बांधू नका. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते आठवा. शेंगाळ्याचा काटा लागला की गरम पाण्यात हात बुडवतात, ते बरोबर आहे, त्याने विषाची आग कमी होते, पण जंतू मरत नाहीत. मधुमेह असेल तर पाण्याचा गरमपणा दुसऱ्या कुणाला तरी बघायला सांगा, तुमच्या पायाला चटका कळेलच असं नाही.

आणि गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका. साध्या जखमेसाठी आपण नेहमी देतो त्या गोळ्यांचा या जंतूपुढे भरवसा नाही. डॉक्टर तरी वेगळं औषध निवडणार कसे, जर जखम कुठल्या पाण्यातली हे कुणी सांगितलंच नाही?

गेल्या शनिवारी दिवाडीचा एक मुलगा आला, तळपाय कापलेला. "काकी, बँडेज द्या."

"पाणी खारं की गोडं?" मी विचारलं.

तो गोंधळला. मग म्हणाला, "खारं. तिसऱ्या काढत होतो."

मधुमेह नाही, दुसरा कसला आजार नाही. मागच्या नळावर त्याला दहा मिनिटं पाय धुवायला लावला. जखमेभोवती थोडी लाली होती, तिच्या कडेने पेनने रेघ ओढली, शेजारी सहा-दहा लिहिलं आणि सांगितलं की लाली हिच्या बाहेर गेली, ताप आला किंवा फोड दिसला तर रात्र बघू नको, सरळ बांबोळी. रविवारी मी दुकान उघडत नाही. त्या दिवशी नऊ वाजता उघडलं. तो आला, पाय वर करून दाखवला. लाली रेघेच्या आत होती.