मॉन्टे कॅसिनो : चढण सोपी नाही, टॅक्सी स्वस्त नाही

‘इटलीतल्या कॅसिनो गावातून मॉन्टे कॅसिनो डोंगरावरच्या ख्रिस्ती मठापर्यंत रमतगमत अर्धा तास’ असं आम्हाला सांगणाऱ्याने ती वाट पायी केलेलीच नसणार. रोका यानुला किल्ला मागे पडला की उसंत नाही. मठ ५०० मीटरहून उंच, गाव पार पायथ्याशी. घसारा, पायाखाली सुटे दगड, काटेरी झुडपं, सावलीचा पत्ता नाही. राजगड-तोरणा केलेल्यांना जमेल, पण बूट पकड घेणारे हवेत आणि माणशी दोन लिटर पाणी. उन्हाळ्यात आठच्या आत निघा. मठात खांदे-गुडघे झाकलेले लागतात.

तरी चढाच, दुसऱ्या महायुद्धातली लढाई समजायला. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शरणागती जाहीर झाली, दुसऱ्या दिवशी दोस्तांचं सैन्य सालेर्नोला उतरलं. जर्मनीचा साथीदार गळाला, आता रोम कितीसं लांब, असंच कुणालाही वाटेल. पण जर्मनांची तयारी आधीच झालेली होती. त्यांनी इटालियन सैनिकांची हत्यारं काढून घेतली, लाखोंना कैदेत धाडलं. जर्मन सेनापती रोमेलचं मत उत्तरेला मागे सरकण्याचं होतं. दुसरा सेनापती केसेलरिंगने रोमच्या दक्षिणेलाच पाय रोवले आणि गुस्टाव्ह रेषा ही बचावफळी उभी राहिली. मठाजवळच्या वळणावर थांबून खाली बघा. रोमकडे जाणारं लिरीचं खोरं, त्याच्या तोंडाशी आडवी गारी नदी. खालून कुणीही आलं तरी वरून दिसतं. साथीदार गेल्याने जर्मनांवरचा भार वाढला, पण हा डोंगर त्यांच्याच हातात राहिला. रोम मिळायला ४ जून १९४४ उजाडला. फेब्रुवारी-मार्चमध्ये याच उतारांवर दोस्तांकडून लढणारी आपली चौथी इंडियन डिव्हिजन झिजली. दमछाक झालेली असताना ती का झिजली हे पुस्तकात वाचायची गरजच उरत नाही.

उतरताना टॅक्सी घेतली आणि लुटलो गेलो. थांबण्याचे पैसे वेगळे, हे खाली आल्यावर सांगितलं! भाव कागदावर लिहून घ्या, नाहीतर बसची वेळ बघून ठेवा.



खाली कॅसिनोतली राष्ट्रकुल युद्धस्मशानभूमी मात्र चुकवू नका. तिथल्या स्मारकावर माणगाव तालुक्यातल्या यशवंत घाडगे (हुद्दा नाईक) यांचं नाव आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे, व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. १० जुलै १९४४ला टायबरच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले. फलकाचा क्रमांक घरूनच काढून न्या, ४,०००हून अधिक नावांत भर उन्हात शोधत बसावं लागेल.