तुम्ही विचारलंत म्हणून: आईची खोटी साक्ष कशी लिहायची?

मच्छीमार गावातल्या कुटुंबावर पटकथा लिहिणारे बरेच जण फिरून फिरून एकाच प्रसंगापाशी अडतात. मुलावर गावातल्याच एका स्त्रीने गंभीर आरोप केला आहे, पोलीस दारात उभे आहेत आणि आई सांगते, "तो घरीच होता." मग प्रश्न येतो: हे खोटं प्रेक्षकाला समजावं आणि तरी शेवटपर्यंत सलत राहावं, असं कसं लिहायचं?

माझं उत्तर समुद्रापासून सुरू होतं. अशा गावात घरच्यांशी इमान ही आधी कामाची अट असते, भावना त्यामागून येते. जाळं सोडताना पायात दोर अडकला तर तो कापायला शेजारी जो उभा असतो, तो भाऊ, चुलता नाहीतर मुलगा. त्याच्यावर संशय ठेवून बोटीत पाय टाकता येत नाही. वर्षानुवर्षं असं जगलेल्या बाईला "माझा मुलगा असा आहे का?" हा प्रश्न सुचायच्या आत तोंडून उत्तर निघून जातं. म्हणून पहिली वीस-बावीस पानं आरोपाला हात लावू नका. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. तेवढा वेळ फक्त काम दाखवा: कोण दोर फेकतं, कोण झेलतं, मासळी निवडायच्या टेबलाशी कोण कुणाच्या शेजारी उभं राहतं, बर्फ कुणाला आधी मिळतो. पुढे गाव ज्या ज्या गोष्टी हिरावून घेणार आहे, त्या सगळ्या इथे साध्या दिसल्या पाहिजेत.

खोटं स्वतः लहान हवं, दहा शब्दांच्या आत. "रात्री अकराला कुठे होता?" "घरी. माझ्यासोबत जेवला." अधिकाऱ्याचा प्रश्न पुरता संपायच्या आत उत्तर यावं. इथे सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक म्हणजे आईला विचार करायला वेळ देणं. ती खिडकीबाहेर बघते, पार्श्वसंगीत चढतं, मग ती बोलते. एवढ्याने प्रसंगाचा वादविवाद होतो आणि प्रेक्षक न्यायाधीश बनून मागे रेलून बसतो. उत्तर झटकन आलं की त्याला वाटतं, मीही हेच बोललो असतो. हे वाटणं त्याला पुढचा तासभर छळतं.

आता या खोट्याला तपासता येईल असं काहीतरी बाहेर हवं, आणि ते काम भरती-ओहोटी करते. समजा बंदर उथळ आहे, ओहोटीला कोरडं पडतं. त्या दिवशीची भरती संध्याकाळी साडेपाचची. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे ओहोटी रात्री पावणेबाराच्या सुमारास. आई म्हणते, मुलगा साडेदहाला बोट लावून घरी आला. पण साडेदहाला बंदरात बोट तरंगेल एवढं पाणीच नसतं. बाहेरून बदलून आलेल्या अधिकाऱ्याला हे कळत नाही. गावातल्या शाळकरी पोराला कळतं. म्हणजे ती खोटं बोलली हे दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि कुणीच बोलत नाही. इमानाचा प्रश्न एका घरापुरता राहत नाही, तो सगळ्या धक्क्यावर पसरतो. माझ्या मते या प्रकारच्या सिनेमाचा खरा विषय हाच.

हे लिहिताना चंद्र विसरू नका. आपल्याला काळोखी रात्र हवी म्हणून अमावास्या घेतली, तर तिच्यासोबत उधाण येतंच, एखाद-दोन दिवस मागेपुढे. उधाणात भरती जशी उंच चढते, तशी ओहोटीही जास्त खोल जाते. अमावास्येची रात्र आणि भांगाची भरती, म्हणजे अष्टमीच्या सुमाराची कमी चढणारी भरती, एकत्र मागता येत नाही. शिवाय एकाच बंदरात उधाणाची भरती दर खेपेला घड्याळाच्या जवळजवळ त्याच वेळी येते, आणि रोजची भरती साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कथेतल्या सगळ्या दिवसांचं भरतीचं कोष्टक करून भिंतीवर लावा. किनाऱ्यावरचा प्रेक्षक ही चूक पहिल्या दहा मिनिटांत पकडतो, आणि मग आईच्या डोळ्यांतलं पाणीही त्याला खरं वाटत नाही.

खोटं बोलून झाल्यावर आईच्या मनात काय होतं? मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत मांडला. आपली कृती आणि आपली समजूत जुळेनाशी झाली की माणूस अस्वस्थ होतो, आणि झालेली कृती पुसता येत नसल्याने बऱ्याचदा समजूतच बदलतो. "मी मुलासाठी खोटं बोलले" हे सोसवत नाही, म्हणून "त्याने काही केलंच नाही" हे ती स्वतःला पटवते. हे संवादात सांगायला जाऊ नका. तिला तीच हकीकत तीन वेळा सांगायला लावा. पहिल्यांदा फक्त "जेवला". दुसऱ्यांदा काय जेवला तेही. तिसऱ्यांदा दिवा कुठे होता, दाराची कडी कुणी लावली, सगळं. खरी आठवण सांगणारा माणूस मध्येच अडखळतो, स्वतःला दुरुस्त करतो. हिची हकीकत दर खेपेला जास्त गुळगुळीत होते. तिसऱ्या सांगण्यातला एकच तपशील आपण आधी पडद्यावर पाहिलेल्या गोष्टीशी विसंगत ठेवा आणि त्यावर कॅमेरा रोखू नका.

जिच्यावर अन्याय झाला ती स्त्री अशा पटकथांमध्ये फार लवकर हरवते. ती नुसती आईच्या अपराधभावाचं कारण बनून राहिली तर सगळा डोलारा पोकळ होतो. तिला आईशिवायचे किमान पाच-सहा प्रसंग द्या. आणि दोघींना एकाच पाळीत, एकाच टेबलाशी उभं करा, म्हणजे आईला रोज आठ तास तिच्या हातांकडे बघावं लागेल. गाव तिला शिक्षा करतं ती कामातून: तिची पाळी कापली जाते, तिच्या घरची मासळी शेवटी तोलली जाते, तिच्या भावाने धक्क्यावर फेकलेला दोर कुणी झेलत नाही. तो दोर पाण्यात पडल्याचा आवाज एका पानाच्या संवादापेक्षा जास्त बोलतो. गुन्हा मागे जाऊन दाखवू नका. तो दाखवला की प्रेक्षक पुरावे तोलत बसतो, आणि मुलाला आधीपासून खलनायक केलंत तर आईकडे निवड उरत नाही. तो लाघवी, कामाला वाघ असा असू द्या.

चित्रीकरणात बहुतेक बिघाड पाण्यामुळेच होतात. भरती-ओहोटीच्या साधारण सहा तासांपैकी मधल्या दोन तासांत पातळी सगळ्यात वेगाने बदलते, एकूण फरकाच्या जवळपास निम्मी. धक्क्यावरचा लांब संवाद या वेळात घेतलात तर दोन शॉटमध्ये मागची बोट हातभर खाली गेलेली दिसते. असा प्रसंग भरती किंवा ओहोटीच्या टोकाला, पाणी थबकलेलं असताना घ्या. पुन्हा घ्यायची वेळ आली तर त्याच घडीला तशीच पातळी साधारण पंधरा दिवसांनी मिळते, हे वेळापत्रकात आधीच धरा. नांगरलेली बोट वारा आणि प्रवाहाबरोबर फिरते. चेहऱ्यावरचं ऊन दर वाक्याला बदलतं. पुढून आणि मागून असे दोन नांगर टाकले की ती बऱ्यापैकी स्थिर राहते. बर्फाच्या खोलीतून कॅमेरा दमट हवेत काढला की लेन्सवर बाष्प धरतं, तेव्हा तो बंद पिशवीत घालून बाहेर आणा आणि अर्धा तास तरी उघडू नका. इंजिनाचा नुसता आवाज वेगळा दोन मिनिटं रेकॉर्ड करा, आणि बोटीवरचे संवाद तोच सूर ताजा असताना किनाऱ्यावर लगेच नटांकडून पुन्हा म्हणवून घ्या.

नट व्यावसायिक घ्यायचे की गावातले? इटालियन दिग्दर्शक लुकिनो व्हिस्कोंती यांनी १९४८ च्या 'ला तेरा त्रेमा'साठी सिसिलीतल्या आची त्रेत्सा गावातले खरे मच्छीमार घेतले आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू दिलं. माहितीपटकार रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या १९३४ च्या 'मॅन ऑफ अरान'मधलं कुटुंब मात्र आयर्लंडजवळच्या अरान बेटांवरची निरनिराळी माणसं निवडून जुळवलेलं होतं, आणि केव्हाच बंद पडलेली शार्कची शिकार त्यांना नव्याने शिकवावी लागली. माझा कल असा: आई आणि ती स्त्री यांच्यासाठी कसलेल्या अभिनेत्री, बाकी गाव गावातलंच. पण अभिनेत्रींना आधी दोन-तीन आठवडे हातकाम करायला लावा. फाटलं जाळं दुरुस्त करताना आधी फाटलेल्या कडा कापून साफ करतात. सुरुवात आणि शेवट तीन धागे उरलेल्या गाठीवर होतो, नाहीतर चौकटी जुळत नाहीत. हे ज्या हातांना येतं ते हात बघावे न लागता चालतात, आणि मग चेहरा मोकळा राहतो.

शेवटी कबुली हवीच असेल तर ती पोलीस ठाण्यात नको, मुलापाशीही नको. मासळी निवडायच्या टेबलाशी, यंत्रं चालू असताना, त्या स्त्रीपाशी. आईचे ओठ हलताना दिसू द्या, आवाज यंत्रात बुडू द्या. मग दुसरीचे हात थांबतात. यंत्र बंद करायला कुणी पुढे येत नाही, आणि पट्ट्यावरून मासळी टेबलाच्या टोकापर्यंत जाऊन खाली पडायला लागते.