अंबाबाईचा किरणोत्सव आणि बोलोन्याच्या चर्चमधली सूर्यरेषा

मी वसईच्या कॅथलिक घरातला, पेशानं भौतिकशास्त्राचा शिक्षक. चर्चला जाता आणि विज्ञानही शिकवता, हे जमतं कसं, असं मला नेहमी विचारलं जातं. यावर मला जे म्हणायचंय ते कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळाजवळून सांगायला सोपं जाईल, म्हणून हे प्रवासवर्णन.

नोव्हेंबरातला किरणोत्सव बघायचं बरेच दिवस मनात होतं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी कोल्हापूर गाठलं. रविवार असल्यामुळे आधी चर्चमध्ये मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, मग मित्राच्या घरी. काकूंनी मिसळीवर कट वाढताना ‘घ्या की अजून’ म्हणत माझं काही चालू दिलं नाही.

चार वाजताच आम्ही देवळात पोचलो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळत्या सूर्याची किरणं महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप, कासव चौक, पितळी उंबरा असे टप्पे घेत गाभाऱ्यात पोचतात. सूर्य जसा खाली उतरतो तशी किरणं मूर्तीवर वर चढतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख, असा क्रम सांगतात. ढग, धूळ किंवा बाष्प आडवं आलं तर मात्र किरणं वाटेतच विरतात. कोल्हापुरातले भौतिकशास्त्राचे लोक प्रत्येक टप्प्यावर प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात. देवळातले दिवे मालवलेले, वाट मोकळी ठेवलेली, दोन्ही बाजूंना माणसं हात जोडून उभी. त्या दिवशी आकाश स्वच्छ होतं. फरशीवरचा सोनेरी पट्टा उंबरा ओलांडून आत गेला, तेव्हा ‘अंबाबाईच्या नावानं चांगभलं’चा असा गजर झाला की माझ्याही अंगावर काटा आला.

नोव्हेंबर आणि फेब्रुवारी हीच जोडी का? या दोन तारखा वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या, दोन्ही बाजूंना साधारण सहा-सहा आठवड्यांवर येतात. दोन्ही वेळा सूर्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचं त्याचं कोनीय अंतर, दक्षिणेकडे जवळपास १७ अंश असते, म्हणून तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. ज्यांनी हे देऊळ बांधलं, त्यांनी भक्तीसाठी सूर्याचा अभ्यास केला असणार असं मला तरी वाटतं. आणि हे असं घडल्याचा लेखी पुरावा माझ्या धर्माच्या इतिहासात आहे.

इटलीतल्या बोलोन्या शहरात सान पेत्रोनियो नावाचं विशाल चर्च आहे. १६५५ साली जोव्हानी दोमेनिको कॅसिनी या खगोलशास्त्रज्ञानं त्याच्या छताला सुमारे २७ मीटर उंचीवर एक लहान भोक ठेवलं आणि खाली फरशीवर खांबांना चुकवत सुमारे ६७ मीटर लांबीची उत्तर-दक्षिण रेषा आखली. रोज भर दुपारी सूर्याचं बिंब ती रेषा ओलांडतं. उन्हाळ्यात भोकाच्या जवळ, हिवाळ्यात दूरच्या टोकाशी. अख्खं चर्चच वेधशाळा झालं.

चर्चला याची गरज होती ती ईस्टरसाठी. वसंतसंपात म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात ती वेळ; त्यानंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणजे संपात चुकला की सणच चुकला. तेव्हाच्या ज्युलियन दिनदर्शिकेतलं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं. सोळाव्या शतकापर्यंत संपात २१ मार्चवरून ११ मार्चवर घसरला होता. म्हणून पोप ग्रेगरी तेरावे यांनी १५८२ साली ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर आणला. त्या कामात क्रिस्तोफर क्लावियस हा येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू-गणिती होता. आज आपण सगळे, अंबाबाईचे भक्तसुद्धा, किरणोत्सवाच्या तारखा याच दिनदर्शिकेत सांगतो.

कॅसिनीच्या कामातला मला सर्वांत प्रिय भाग पुढेच आहे. सूर्य वर्षभरात कधी जलद, कधी संथ चालल्यासारखा दिसतो. जुन्या सिद्धांतात हा सगळा फरक पृथ्वीपासूनच्या अंतरामुळे भासणारा; खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं म्हणणं होतं की अर्धा फरक खऱ्या वेगातला आहे. केप्लर बरोबर असेल, तर सूर्यबिंबाचा आकारही वर्षभरात जुन्या हिशेबाच्या निम्म्यानंच बदलायला हवा. कॅसिनीनं बिंब मोजलं आणि केप्लर बरोबर निघाला. यातून पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं नाही. पण पोपच्या राज्यातल्या एका शहरात, चर्चच्या फरशीवर, गॅलिलिओच्या खटल्याला जेमतेम बावीस वर्षं झालेली असताना हे मोजलं गेलं.

संध्याकाळी रंकाळ्यावर हे सांगत होतो, तर मित्राचे वडील थांबवून म्हणाले, “मग त्या गॅलिलिओला का कोंडून घातलं म्हणायचं तुमच्या पोपांनी?”

“काका, ते चुकलंच,” मी म्हणालो. १६१६ साली पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारं कोपर्निकसचं पुस्तक दुरुस्ती होईपर्यंत रोखलं गेलं, १६३३ साली एकोणसत्तर वर्षांच्या गॅलिलिओला शपथेवर माघार घ्यायला लावली आणि १६४२ साली मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला. त्या काळच्या धर्मपंडितांची चूक पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली जाहीरपणे मान्य केली. बोलोन्याची रेषा दाखवून हा अन्याय झाकायचा नाही, आणि अन्यायाकडे बोट दाखवून ती रेषाही पुसायची नाही. माझा चर्च या दोन्हींचा धनी आहे.

काका इतक्यावर सोडणारे नव्हते. “आणि विज्ञानानं उद्या देवच नाही म्हटलं तर?”

तेव्हा मी त्यांना बेल्जियमच्या फादर जॉर्ज लमेत्र यांच्याबद्दल सांगितलं. विश्व प्रसरण पावतंय हे या धर्मगुरूनं १९२७ साली गणितानं मांडलं आणि १९३१ साली त्याचा आरंभ एका आदिम अणूत असल्याची कल्पना पुढे केली. १९५१ साली पोप पायस बारावे यांनी भाषणात या नव्या विश्वशास्त्राची सांगड बायबलमधल्या निर्मितीशी घातली. दुसरा कोणी हरखला असता. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नापासून अलग राहावा, असा त्यांचा आग्रह होता. त्यांची श्रद्धा कुठल्याही समीकरणावर उभी नव्हती, म्हणून समीकरण बदललं तरी तिला धक्का नव्हता. मी याच बाजूचा माणूस आहे. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे पटण्यासारखं हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र मला महाद्वार रोडनं किरणांच्या वाटेवरून घेऊन गेला. कुठली गच्ची, कुठली पाण्याची टाकी, कुठला फलक आडवा येतो, हे तो बोट करून दाखवत होता. सान पेत्रोनियोतही हेच झालं होतं. कॅसिनीच्या आधी, सोळाव्या शतकात, एन्यात्सियो दान्ती या दोमिनिकन साधूनं तिथे रेषा आखली होती. चर्च वाढवताना भिंत पाडली गेली आणि ती निकामी झाली. म्हणून तर कॅसिनीला नवी रेषा आखायची संधी मिळाली. हे ऐकल्यावर मित्रानं खिशातून वही काढली आणि ३१ जानेवारीच्या आत काय काय हटवायला हवं त्याची यादी करायला बसला.