लाकूड व्हय का गोटा?

वर्धा जिल्ह्यातील एका गावी विहिरीच्या पाहणीसाठी मी गेलो होतो. भूजल सर्वेक्षणाच्या कामात अशा फेऱ्या नित्याच्याच असतात. शेतकऱ्याची अडचण साधी होती : चोवीस फुटांवर काळा पाषाण संपून पांढुरक्या गारेची पट्टी लागली होती आणि कॉम्प्रेसरवाल्याच्या ड्रिलची धार तासाभरातच जात होती. पुढे खोदावे की जागा सोडून द्यावी, एवढेच मला सांगायचे होते.

उपसलेला मलबा धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली पडला होता. त्याच्या एका कडेला हातभर लांबीचे, मांडीएवढ्या जाडीचे एक खोड आडवे ठेवलेले दिसले. शेतकरी म्हणाले, "साहेब, हे लाकूड व्हय का गोटा? दिसते सागोनासारखं, पण कुऱ्हाड लागत नाही त्याले." कुऱ्हाडीचा प्रयोग खरोखरच झाला होता, पात्याला पडलेला खाचा त्यांनी मला दाखवला.

मी खिशातला चाकू ओढून पाहिला, तेव्हा खोडावर ओरखडा न उठता पोलादाचीच करडी रेघ उमटली. आम्लाचे दोन थेंब टाकले, तरी फेस आला नाही. म्हणजे त्यात चुना नव्हता, सिलिका होती, गारगोटी जिची बनते ते द्रव्य. कापूस तोलायच्या काट्यावर चढवल्यावर ते जवळजवळ पंचवीस किलो भरले, आणि तेवढ्याच आकाराचे वाळलेले लाकूड एका हाताने उचलणाऱ्या मजुरांमध्ये थोडी कुजबुज झाली.

तुटलेली बाजू पाण्याने धुऊन मी भिंग लावले. सागाच्या खोडात वर्षागणिक पडणारी वलये दिसायला हवी होती, पण इथे वलय एकही नव्हते. मोहरीएवढे असंख्य ठिपके होते, मध्यभागी विरळ आणि सालीकडे दाट. नाल्यावर ओलांडायला म्हणून शिंदीचे जुने खोड टाकलेले मी येताना पाहिले होते. त्याचे टोक करवतीने कापून आणायला सांगितले आणि दोन्ही काप शेजारी ठेवले. ठिपक्यांची मांडणी इतकी सारखी होती की शेतकरी बराच वेळ कधी या कापावर, कधी त्या कापावर अंगठा फिरवत राहिले. "म्हणजे ही शिंदीच," ते म्हणाले. शिंदीच असे मी म्हणालो नाही. ताडाच्या कुळातले झाड, एवढेच म्हणालो. जात ठरवायला काचेच्या पट्टीवर चिकटवून, प्रकाश आरपार जाईल इतका पातळ घासलेला काप लागतो.

त्यांना जे सांगितले ते असे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा एकदम न वाहता थरांवर थर असा आला. दोन थरांच्या मधल्या शांत काळात जमिनीवर तळी साचली, काठाला झाडे वाढली. उन्मळलेले खोड तळ्याच्या गाळात लवकर गाडले गेले आणि हवा न मिळाल्यामुळे त्याचे कुजणे मंदावले. आजूबाजूचा लाव्हा झिजताना पाण्यात उतरलेली सिलिका पेशींच्या भित्तींना चिकटत गेली, मग पोकळ्यांत भरली. आधी ओपलच्या, म्हणजे पाण्याचा अंश असलेल्या सिलिकेच्या रूपात आणि पुढे गारगोटीच्या. लाकडाचा बराचसा अंश निघून गेला, पण त्याचा साचा पेशी न् पेशी टिकला. तांबूस छटा लोहाची. मग पुढचा लाव्हा आला आणि तळे झाकले गेले. ड्रिलची धार खाणारी पट्टी म्हणजे त्या तळ्याचाच गारगोटी झालेला गाळ होता.

एवढ्यात शेतकऱ्यांनी खरा प्रश्न काढला. गारगोट्या आणि स्फटिक विकत घेणारा एक माणूस मोटारसायकलवरून दोनदा येऊन गेला होता. त्याला किती सांगायचे? संग्राहकांना अशा ताडाच्या अश्माचे वेड का असते, हे मी समजू शकतो. हिऱ्याच्या करवतीने कापून घासला, तर गारगोटीच्या कठीणपणामुळे त्याला काचेसारखी झिलई चढते आणि ठिपके शेकडो डोळ्यांसारखे उघडतात. अमेरिकेतील टेक्सास राज्याने १९६९ साली अशाच ताडाच्या अश्माला राज्याचा दगड म्हणून मान दिला. भाव मात्र मी सांगितला नाही. विकायच्या आधी मला मोजू आणि लिहू द्या, इतकेच म्हणालो.

यामागे माझी स्वतःची एक चूक आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुठल्याशा दौऱ्यात मला असाच एक तुकडा सापडला. आवडला म्हणून पिशवीत टाकला आणि गाव, थर, खोली यांपैकी काहीही लिहिले नाही. गेली कित्येक वर्षे तो माझ्या टेबलावर कागद दाबून बसला आहे, देखणा आहे, आणि अभ्यासाच्या दृष्टीने जवळपास मुका आहे. याउलट स्टीफन हिस्लॉप या नागपूरच्या मिशनऱ्याने टाकळीच्या परिसरातून गोळा केलेल्या जीवाश्मांचे वर्णन थरांच्या नोंदींसह १८५५ साली लंडनमध्ये छापले गेले, म्हणून आजही अभ्यासक त्याकडे वळतात.

दोराने विहिरीची खोली मोजली. गारेच्या पट्टीची जाडी, वरचा आणि खालचा पाषाण, खोड कोणत्या दिशेला पडले होते ते काढणाऱ्या मजुराला विचारून, सगळे वहीत उतरवले. ढलपीएवढा एक तुकडा पातळ कापासाठी मागून घेतला आणि त्याला चिकटपट्टी लावून वर गट क्रमांक लिहिला. पाण्याबद्दल सांगितले की पट्टी पातळ आहे, तिच्याखालच्या पाषाणाचा माथा झिजलेला असण्याचा संभव आहे, तेव्हा आणखी दहा फूट जाऊन पाहा.

महिन्याभराने त्यांचा फोन आला. खोडाविषयी ते एक शब्दही बोलले नाहीत. बत्तीस फुटांवर पाणी लागले होते.