आण्णा, फ्रेडरिक्सबर्ग आणि एकच छाटणी

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आई-आण्णा झोपले. माझे पाय जाम दुखतायत पण आत्ता लिहिलं नाही तर उद्या धुणं आणि ग्रोसरीच्या नादात सगळं विसरून जाईन.

आज फ्रेडरिक्सबर्गला जाऊन आलो. ऑस्टिनहून २९० हायवेनं पश्चिमेला दीडेक तास. वस्ती जेमतेम ११ हजार, पण वीकेंडला पार्किंग शोधताना वाटतं सगळं टेक्सास इथेच लोटलंय. आठवडाभर मी लिस्ट करत होते, कुठलं म्युझियम, कुठली बेकरी, कुठे फोटो चांगले येतील, आणि आण्णांनी त्यातलं निम्मं बघितलंच नाही, भलतंच काहीतरी बघत बसले.

सकाळी आधी एन्चांटेड रॉक. मे संपत आलाय, नऊनंतर ऊन डोक्यात जातं म्हणून पहाटेच निघालो. पास आधीच काढला होता, नाहीतर पार्क फुल झालं की गेटवरून परत पाठवतात. गुलाबी ग्रॅनाइटचा एकच प्रचंड घुमट, पायथ्यापासून ४२५ फूट उंच, रेलिंग नाही, पायऱ्या नाहीत, उघड्या खडकावरून सरळ चढायचं. आई खाली सावलीत बसली. आण्णा वय ६८, माझ्याआधी वर. मी धापा टाकत पोचले तर म्हणतात, "एवढा मोठा दगड आणि वर देऊळ न्हाई?" हा खडक १०० कोटी वर्षांचा आहे, आपला सह्याद्री साडेसहा कोटींचा, असं मी सांगितलं तर गप्प झाले आणि खाली बसून खडकावर हात फिरवत राहिले. दिवसभर तापलेला हा दगड रात्री थंड होताना कुरकुरतो, त्यावरूनच भुताखेतांच्या गोष्टी आल्या आणि त्यावरून हे नाव, मंतरलेला खडक.

मग गावात. १८४६ मध्ये जर्मन लोकांनी वसवलेलं गाव, अजून दुकानांवर जर्मन पाट्या. मेन स्ट्रीट इतका रुंद कशाला तर म्हणे बैलगाडी वळवता यावी म्हणून. आण्णांना हे फार म्हणजे फार पटलं! पॅसिफिक वॉर म्युझियम पण इथेच, कारण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्याचे प्रमुख असलेले अॅडमिरल निमित्झ याच गावचे. तिथे पर्ल हार्बरच्या हल्ल्यातली एक छोटी जपानी पाणबुडी ठेवलीय, खरीखुरी, दोन माणसांची. आत कसं बसत असतील याचा विचार करूनच आईला गुदमरायला झालं. मागे जपाननं भेट दिलेली बाग आहे, ज्यांच्याशी लढले त्यांचीच. तिथल्या बाकावर आईनं दशम्या सोडल्या.

खरा वेळ गेला तो पायनिअर म्युझियममध्ये, एका 'संडे हाऊस'समोर. लांबच्या रँचवर राहणारे शेतकरी शनिवारी बाजाराला गावात यायचे, रविवारी चर्च करून परत, आणि मधल्या एका रात्रीसाठी गावात हे एवढंसं घर. खाली एखाद-दुसरी खोली, बाहेरून जिना आणि वर माळ्यावर पोरं झोपायची. पुढे मोटारी आल्या आणि गरज संपली. आता अशी बरीच घरं टुरिस्टना भाड्यानं देतात, एका रात्रीचं भाडं मी आण्णांना सांगितलंच नाही, चक्कर आली असती.

आण्णा जिना बघत उभे. म्हणाले, "तासगावला आमची खोली अशीच हुती." आठवीपासून चौघं मिळून एका खोलीत राहायचे, आजीचा डबा रोज सकाळच्या एसटीनं यायचा, कंडक्टर स्टँडवर उतरवून ठेवायचा. एसटी चुकली की उपास. हे मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं, आईनं पण नाही.

परत येताना वायनरी. २९० वर इतक्या वायनरी आहेत की एक टाळली तर दुसरी येते. आण्णा माळकरी, थेंबाला शिवणार नाहीत. नवरा आत टेस्टिंगला गेला आणि आण्णा थेट बागेच्या कडेला. चाळीस वर्षं द्राक्ष काढलेला माणूस, घड हातात घेऊन पहिला प्रश्न, "मण्याला साईझच न्हाई, हे जीए मारत न्हाईत?" (जीए म्हणजे जिबरेलिक अॅसिड, मणी फुगवायला मारतात.) तिथला एक मुलगा आला, मी दुभाषी. तो म्हणाला वाइनला बारीकच मणी हवा, रंग आणि चव सालीत असते. मग डाऊनी (वेलावरचा बुरशीचा रोग) येतो का, गारपीट होते का (होते, आणि छाटणीनंतर उशिराची थंडी पडली तर कोवळी फूट जळते). आण्णांना धक्का बसला तो छाटणीचा. इथे थंडीत वेल पानं गाळून झोपतो, मग वर्षातून एकदाच छाटणी, जुलै-ऑगस्टला माल. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी, मग नव्या फुटीचे शेंडे खुडून सबकेन म्हणजे पोटकाडी काढायची, आणि ऑक्टोबरची फळछाटणी, वेलाला झोपच नाही. हे सांगितल्यावर तो मुलगाच उडाला, "दोन छाटण्या आणि पीक एकच?" आण्णा एवढे खूश की त्याच्या पाठीवर थाप मारली.

वाटेत स्टोनवॉल गावात रस्त्याकडेच्या स्टॉलवर पीच घेतले. आत्ताच्या पीचचा गर बाठ्याला चिकटलेला असतो, बाठा सुटा निघणारे पुढच्या महिन्यात. आईनं तिथेच एक आंब्यासारखा चोखला, नवी साडी खराब.

गाडीत आठ वाजले, म्हणजे तिकडे सकाळचे साडेसहा. आण्णांनी दादाला फोन लावला. मला वाटलं आता दगडाचं सांगतील, नाहीतर पाणबुडीचं.

"अरे सबकेन झालं का? आणि ऐक, हितं एकच छाटणी करतात."