भाचीचा प्रश्न
आज भाचीने विचारलं, मावशी, आईबाबांपासून कायद्याने वेगळं होता येतं का गं? पंधराची आहे ती. मग दोघींनी बसून कॅलिफोर्नियाचा नियम वाचला, तिथे किमान 14 वय हवं, आईवडिलांची हरकत नसताना आधीच वेगळं राहत असायला हवं आणि आपले पैसे आपणच सांभाळतो हे कोर्टाला दाखवायचं, कमाई पण कायदेशीरच हवी. एवढं करून मतदान मात्र 18 नंतरच. ती वहीच्या मागच्या पानावर खर्च लिहायला लागली, भाडं, जेवण, औषधं... आणि तिथेच पेन थांबलं. ते बघून आतून हललेच मी. घरी काय झालंय विचारलं तर रडायलाच लागली. आता माझ्याकडेच झोपलीये, ताईला फोन केलाय, उद्या तिघी बसून बोलणार.