नावेवरची तीन अक्षरे

कोल्हापूर, रविवार, रात्री

अ‍ॅटलेटिको माद्रिदने २०१७ साली बदललेले आपले बोधचिन्ह १ जुलै २०२४ पासून पुन्हा जुन्या रूपात आणले. फुटबॉल संघाने आपले परंपरागत बोधचिन्ह नव्याने काढून घ्यावे की नाही, हा विषय निघाला की मला पहिल्यांदा हीच घटना आठवते. या प्रश्नावर माझे मत आता बऱ्यापैकी ठरले असल्यामुळे ते आज सविस्तर लिहून ठेवतो आहे.

अ‍ॅटलेटिकोच्या ढालीवर माद्रिद शहराच्या मुद्रेतले अस्वल आणि ते ज्याला टेकून उभे आहे ते झाड आहे, सात तारे आहेत आणि उरलेल्या भागात लाल-पांढरे उभे पट्टे आहेत. २०१७ मध्ये क्लबने मान्सानारेस नदीकाठचे व्हिसेंते काल्देरॉन हे मैदान सोडले, जिथे तो १९६६ पासून खेळत होता, आणि शहराच्या पूर्वेकडील नव्या, भव्य मैदानात तो राहायला गेला. त्याच मुहूर्तावर बोधचिन्हही बदलले. रेषा कमी झाल्या, ढाल गुळगुळीत झाली, झाडाचा हिरवा आणि अस्वलाचा तपकिरी रंग गेला. निव्वळ चित्र म्हणून पाहिले तर ते वाईट होते असे मी म्हणणार नाही; पण ज्या माणसाचे मैदान नुकतेच गेले होते, त्याच्या छातीवरची खूणही त्याच वर्षी बदलण्याची घाई कशासाठी होती, हे मला आजही समजलेले नाही. समर्थकांनी निषेध केला, फलक लावले, जुनी ढाल असलेले झेंडे मैदानात आणत राहिले, आणि हे एखाद्या मोसमापुरते न राहता वर्षानुवर्षे चालले. अखेर २०२३ मध्ये क्लबने सभासदांना विचारले, तेव्हा जवळजवळ ८९ टक्के मते जुन्या ढालीच्या बाजूने पडली. सहा वर्षांत डोळ्यांना सवय व्हायला हवी होती, लहान मुले तर नवे चिन्ह पाहतच मोठी झाली होती, आणि तरीही हा कौल आला.

या गोष्टीचा एक धागा आपल्या देशात, थेट कोलकात्यापर्यंत येतो. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हा कोलकात्याच्या संघात अ‍ॅटलेटिको माद्रिदची भागीदारी होती. त्यामुळे संघाचे नाव ‘अ‍ॅटलेटिको दे कोलकाता’ ठरले आणि गंगेकाठच्या शहराला माद्रिदचे लाल-पांढरे पट्टे मिळाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नवी मुंबईत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर या संघाने केरळ ब्लास्टर्सला १-० ने हरवून पहिले विजेतेपदही मिळवले. पुढे २०१७ मध्ये भागीदारी संपली आणि संघाने आद्याक्षरे तेवढी ठेवून स्वतःला ‘एटीके’ म्हणवून घेतले. ज्या नावाची ही आद्याक्षरे होती ते नाव गेले, अक्षरे मात्र राहिली. तोवर कोणाचे फारसे बिघडले नव्हते, कारण तीन वर्षांच्या संघाला गमावण्यासारखा भूतकाळ नसतो.

बिघडले ते २०२० मध्ये. एटीकेच्या मालकांनी कोलकात्याच्याच मोहन बागान या जुन्या क्लबच्या फुटबॉल कंपनीत ८० टक्के हिस्सा घेतला आणि नव्या संघाचे नाव ‘एटीके मोहन बागान’ झाले. हिरवा आणि मरून रंग कायम राहील, बोधचिन्हावरची शिडाची नावही कायम राहील, असे जाहीर झाले, फक्त त्या नावेच्या चित्रात ‘एटीके’ ही तीन अक्षरे आली. कागदावर हा बदल अगदीच किरकोळ होता, कारण आकार तोच, रंग तेच आणि शीडही तेच होते. परंतु १८८९ साली स्थापन झालेल्या, २९ जुलै १९११ रोजी बहुतेक खेळाडू अनवाणी असताना ब्रिटिश लष्कराच्या ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ ने हरवून आयएफए शील्ड ही स्पर्धा जिंकणाऱ्या क्लबच्या नावेवर सहा वर्षांच्या एका संघाची आद्याक्षरे चढली होती, आणि तीही अशा नावाची, जे त्या संघाने स्वतःच टाकून दिले होते. समर्थकांनी ‘एटीके काढा’ ही मागणी लावून धरली आणि ती तीन वर्षे सोडली नाही. १८ मार्च २०२३ रोजी गोव्यात, मडगावच्या फातोर्डा मैदानावर इंडियन सुपर लीगचा बंगळुरू एफसीविरुद्धचा अंतिम सामना २-२ असा बरोबरीत सुटला आणि संघाने तो पेनल्टींवर ४-३ ने जिंकला. त्यानंतर लगेच मालक संजीव गोएंका यांनी नाव बदलत असल्याचे जाहीर केले. विजेतेपद पदरात पडल्यावरच ही घोषणा झाली, यात मालकांची व्यापारी हुशारी दिसते. तरीही ती झाली याचे श्रेय मी त्या तीन वर्षांच्या हट्टाला देतो. मात्र ‘एटीके’ गेले आणि त्याच्या जागी ‘सुपर जायंट’ आले, जे गोएंकांच्या लखनौ सुपर जायंट्स या क्रिकेट संघाच्या नावातले आहे, म्हणजे मालकांची खूण नावात राहिलीच. हे अर्धे यश आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. २०२० साली पैशाशिवाय वरच्या लीगमध्ये जाता येत नव्हते आणि पैसा देणाऱ्याला आपले नाव हवे होते. या व्यवहारात समर्थकांना जेवढे परत मिळवता आले, तेवढे त्यांनी मिळवले.

इथपर्यंत वाचले तर मी जुने ते सोने म्हणणाऱ्यांपैकी आहे असे वाटेल, पण तसे नाही. मोहन बागानच्या सुरुवातीच्या बोधचिन्हावर बंगालचा वाघ होता; शिडाची नाव नंतर आली. अ‍ॅटलेटिकोच्या ढालीला तर १९३९ नंतर काही वर्षे पंख होते, कारण यादवी युद्धानंतर हा क्लब हवाई दलाच्या संघात विलीन झाला होता, आणि आजची ‘परंपरागत’ ढाल १९४७ नंतरची आहे. इंग्लंडच्या लीड्स युनायटेडचे उदाहरण याहून बोलके आहे. जानेवारी २०१८ मध्ये त्या क्लबने छातीवर मूठ ठेवलेल्या माणसाच्या धडाचे चित्र नवे बोधचिन्ह म्हणून जाहीर केले. पुढच्या वर्षीच्या शताब्दीसाठी ते वापरायचे होते. एका दिवसात पन्नास हजारांहून अधिक लोकांनी त्याविरुद्धच्या निवेदनावर सह्या केल्या आणि क्लबला पाऊल मागे घ्यावे लागले. आता गंमत अशी की ज्या ढालीच्या रक्षणासाठी एवढी माणसे उभी राहिली, ती पांढऱ्या गुलाबाची ढाल १९९८ साली आलेली होती, म्हणजे त्या वेळी अवघ्या वीस वर्षांची होती, आणि तिच्याआधी त्या क्लबने घुबडापासून मोरापर्यंत बरेच काही वापरून पाहिले होते. तेव्हा चिन्हाचे वय किती, या हिशेबाने हा प्रश्न सुटत नाही. लीड्सचे लोक वीस वर्षांच्या चिन्हासाठी भांडले, कारण त्या ढालीवर यॉर्कशायरचा गुलाब होता, आणि मूठ छातीवर ठेवणारा माणूस जगातल्या कोणत्याही संघाचा, किंवा कोणत्याही छातीत जळजळ झाल्यावरच्या औषधाचा असू शकला असता.

मला या प्रकरणातली आणखी एक बाब महत्त्वाची वाटते. लीड्सच्या व्यवस्थापनाने सहा महिने अभ्यास केला होता आणि दहा हजार लोकांशी सल्लामसलत केली होती, असे क्लबचे म्हणणे होते. तरीही तयार चित्र समोर आल्यावर एका दिवसात विरोध उसळला, त्याअर्थी लोकांना जे विचारले गेले ते ‘तुमच्या दृष्टीने क्लब म्हणजे काय’ अशा धर्तीचे असावे, आणि ‘हे चित्र चालेल का’ हा साधा प्रश्न राहून गेला असावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कोणीही उत्साहाने देतो, पण त्यातून काय काढायचे हे अखेर काढणाराच ठरवतो.

क्लबांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. बारीक रेघांची, लॅटिन वचनाची, चारपाच रंगांची ढाल कापडावर शिवताना धागे गुंततात आणि मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढ्या जागेत तिचा ठिपका होतो. शिवाय मालकी हक्काचा प्रश्न असतो. आर्सेनलने २००२ साली आपले बोधचिन्ह बदलले, तोफेचे तोंड डावीकडून उजवीकडे वळवले आणि लॅटिन वचन काढून टाकले, त्यामागे जुन्या चिन्हावर कायदेशीर हक्क नीट सांगता येत नव्हता हे एक उघड कारण होते. त्याच सुमारास हायबरी मैदानाबाहेर १९७० पासून टोप्या आणि मफलर विकणाऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध क्लबचा खटला युरोपीय न्यायालयापर्यंत गेला होता आणि शेवटी क्लबच्या बाजूने लागला. तोफ वळल्यावर लोक कुरकुरले, पण तोफ तोफच राहिली होती आणि म्हणून तिची सवय झाली. दोन रेषा कमी करणे, रंग एकसारखे करणे, अक्षर सुबक करणे याला माझा विरोध नाही. जुन्या माणसाला कोणी न सांगता ओळख पटत असेल, तर तो बदल नूतनीकरणात मोडतो, आणि असे नूतनीकरण अनेक क्लबांनी कोणाच्या लक्षातही न येता केलेले आहे.

युव्हेंटसचा अपवाद मात्र माझ्या या मताला त्रास देतो. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी लांबट गोल, तुरीन शहराचा बैल, पट्टे असे सगळे काढून दोन रेषांचे एक ‘जे’ अक्षर घेतले. टीका भरपूर झाली, तरी ते चिन्ह टिकले. का टिकले असावे, याचा विचार करताना मला आमच्या शाहू स्टेडियमची आठवण होते. कोल्हापूरचे संघ तालमींच्या नावाने खेळतात, आणि पायऱ्यांवर बसलेला माणूस मैदानावरच्या अकरा जणांना ओळखतो तो जर्सीच्या रंगावरून आणि पेठेवरून. खिशावरचे चिन्ह जवळ जाऊन पाहण्याची त्याला गरज पडत नाही. उद्या एखाद्या तालमीने चिन्ह नव्याने काढून घेतले, तर दोन दिवस चर्चा होईल, पण तालमीचे नाव किंवा रंग बदलायला कोणी निघाला, तर सामना मैदानाबाहेर सुरू होईल. युव्हेंटसचेही काहीसे तसेच असावे, कारण त्यांची खरी ओळख काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आहे आणि त्यांचा पाठीराखा तुरीनपेक्षा उरलेल्या इटलीत अधिक पसरलेला आहे. त्यामुळे बैल गेल्याचे दुःख त्या एका शहरापुरते राहिले. मला स्वतःला तो बैल हवा होता. कार्डिफ सिटीने मात्र २०१२ मध्ये नेमके उलटे केले. मालक व्हिन्सेंट टॅन यांनी निळ्या पक्ष्याच्या संघाला लाल जर्सी आणि ड्रॅगन दिला, संघ पुढच्याच वर्षी प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, तरीही लोक निळ्यासाठी भांडत राहिले आणि जानेवारी २०१५ मध्ये निळा रंग परत आला. यशामुळे लोक बदल विसरतात या समजुतीला कार्डिफने चांगलेच उत्तर दिले आहे.

म्हणून माझे मत असे झाले आहे की चित्र बदलावे की नाही यापेक्षा ते कोणाच्या संमतीने बदलते, याला अधिक वजन आहे. बार्सिलोनाच्या संचालक मंडळाने २०१८ मध्ये ढालीतून ‘एफसीबी’ ही अक्षरे काढण्याचा प्रस्ताव आणला होता, पण तो सभासदांच्या सभेपुढे जाणे भाग होते आणि तिथे रंग पाहून मंडळाने तो मागे घेतला. एव्हर्टनने २०१३ मध्ये लॅटिन वचन वगळलेले चिन्ह आधी परस्पर जाहीर केले, विरोध झाल्यावर माफी मागितली, तीन पर्याय लोकांपुढे ठेवले आणि त्यांनी निवडलेले चिन्ह पुढच्या मोसमापासून घेतले. त्यात वचनही परत आले. आता इंग्लंडमध्ये २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने हेच बंधनकारक केले आहे. बोधचिन्हात किंवा घरच्या जर्सीच्या मुख्य रंगांत मोठा बदल करायचा असेल, तर इंग्लंड आणि वेल्समधील आपल्या बहुसंख्य समर्थकांचा त्याला पाठिंबा आहे याची क्लबने खातरजमा केली पाहिजे.

हे शेवटचे बंधन माझ्या भाच्याला अजिबात आवडलेले नाही. तो रात्री जागून लिव्हरपूलचे सामने पाहतो, स्वतःच्या पैशाने जर्सी घेतो आणि आपल्याला यात मोजले जात नाही हे त्याला अन्यायाचे वाटते. मला ती अट योग्य वाटते, कारण लिव्हरपूलच्या बोधचिन्हावरचा लिव्हर पक्षी ज्या शहराचा आहे तिथल्या माणसाला तो सामना नसलेल्या दिवशीही दिसतो. त्यावर त्याने विचारले, “मग मामा, तुम्ही कोल्हापुरात बसून मोहन बागानच्या नावेवर इतकं का बोलताय?” मी म्हणालो, बोलायला मला कोणी अडवलेले नाही, पण मतपत्रिका कोलकात्याच्या माणसाच्याच हातात असली पाहिजे. हे त्याला अजून पटलेले नाही.